दोन तऱ्हेचं 'आहे'

कुडचड्याच्या उच्च माध्यमिकात
गुरुवारचा शेवटचा तास माझा.
फळ्यावर अक्षर 'हा', वाचायचं मात्र 'वा'.
असं का, टीचर? सिल्वेना विचारते.
जुनं लिहिणं मागे राहिलं, बोलणं पुढे गेलं, मी म्हणते.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, आमच्या गावासारखं.
बोर्डावर कुर्चोरेम, तोंडात कुडचडें.

क्रियापद शेवटी येतं, हे शिकवावं लागलं नाही.
इंग्रजीच्या तासाला जे वाक्यं उलटी करताना घामाघूम होतात
ते इथे ऐसपैस बसले.
ला, ने, त, चा,
शब्दाच्या शेपटीला काहीतरी चिकटवायचं,
एवढं तर घरचंच.
वेळीपांच्या रोहिदासने हात वर केला.
बाकीच्या तासांना तो हात बाकाखाली असतो, असं ऐकते.

वाकायला शिकवलं. पंधरा अंश ओळखीला, तीस अंश मानाला.
दत्तेशने कोनमापक काढून शेजाऱ्याची पाठ मोजली.

निघताना म्हणायचं, इत्ते किमास. जाऊन येतो.
हे तर आई म्हणायला लावते, सगळे ओरडले,
नुसतं जातो म्हटलं तर उंबऱ्याआत परत बोलावते.
सिल्वेनाचे पप्पा बोटीवर असतात, नऊ नऊ महिने.
घरात उरलेल्याने द्यायचं उत्तर
तिने वहीत उतरवून घेतलं,
इत्तेराश्शाई, जाऊन ये.
दोनदा उतरवलं.

आज 'आहे'.
आपल्याला एक पुरतं.
देव आहे, मीठ आहे, ताप आहे, उद्या सुट्टी आहे.
त्यांच्याकडे दोन. जिवंताला इमास, निर्जीवाला आरिमास.
मांजर इमास, खुर्ची आरिमास.
झाड?
आरिमास.
वर्ग नाराज. झाड वाढतं की, टीचर.
वाढतं, पण आपणहून उठून जात नाही.
भूत? इमास. यावर मोठा आनंद.
बस?
ड्रायव्हर आत असला, निघायच्या तयारीत असली,
तर म्हणतात इमास.
आणि दारात उभा असलेला ट्रक, रोहिदास म्हणाला,
खाण बंद झाल्यापासूनचा, बॉनेटमधून वेल आलेला?
आरिमास, मी म्हटलं, जरा हळू आवाजात.

मग पाच मिनिटं, प्रत्येकाचं एक वाक्य.
माझ्या खिशात पेन आहे. माझ्या घरी कुत्रा आहे.
मडगावात मावशी आहे, तिला चुकून आरिमास.
रोहिदासचं असं:
वाताशि नो यामा वा निहोन नि आरिमास.
माझा डोंगर जपानमध्ये आहे.

लाल पेन उघडून मी थांबले.
शब्द चुकला का रे? मित्र म्हणायचं होतं?
नाही, टीचर. डोंगरच.
आजोबा बार्जवर होते. इथल्या धक्क्यावरून मुरगावला,
तिथून मोठ्या बोटीने.
घरामागे होता, तांबडा.
आता तिथे खड्डा आहे, खड्ड्यात पाणी आहे.
ही दोन्ही आरिमास, मला ठाऊक आहे, म्हणाला.

'नो' बरोबर. 'वा' बरोबर. 'नि' अगदी जागच्या जागी.
पुण्यात तीन वर्षं शिकले, परीक्षा दिल्या,
तिथल्या वसंताचे, चहाचे, रांगेत उभं राहण्याचे धडे पाठ केले.
कुठल्याही धड्यात ही तांबडी माती
आयात झाल्याचं नव्हतं.

पण टीचर, तो म्हणाला,
तुम्ही सांगितलं, जे उठून जातं त्याला इमास.
डोंगर तर गेला.

गेला नाही, मी म्हटलं. नेला.

घंटा झाली. चपला शोधत, ढकलत,
इत्ते किमास, इत्ते किमास करत वर्ग रिकामा झाला.
त्याची वही माझ्याकडेच राहिली,
क्रियापदाशेजारी पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह,
मी ते खोडलं नाही.

पुढच्या गुरुवारी 'जाणं' आणि 'नेणं'.
तिथे त्यांची दोन वेगळी क्रियापदं आहेत.
आपल्याकडेही.
हेही शिकवावं लागणार नाही.